चवीपुरते मीठ

आपल्याकडे कोणतीही पाककृती वाचा, तिच्यात एक ओळ हमखास असते: 'मीठ चवीपुरते.' डाळ किती वाट्या, तेल किती पळ्या, गुळाचा खडा केवढा, या साऱ्यांची मापे दिलेली असतात. मिठाचे माप मात्र कोणी देत नाही. ते करणारीच्या बोटांवर सोपवलेले असते. नव्या सुनेच्या हाताला मिठाचा अंदाज आला की सासूबाई निर्धास्त होतात. आणि अंदाज चुकलाच, तर पहिल्याच घासाला साऱ्या घराला कळते. मुले तोंडे वेडीवाकडी करतात, मामंजी काही न बोलता ताकाची वाटी जवळ ओढतात. मिठाचा न्याय असा रोखठोक असतो. ज्याच्या हातून जास्त पडले, त्याला त्याच पंगतीत ते भोगावे लागते.

हा न्याय जिथे चालत नाही अशा एका गावी मी सहा महिने राहून आले. गाव म्हणजे अमेरिकेतले मिनियापोलिस. माझी मुलगी तिथल्या एका रुग्णालयात डॉक्टर आहे. २०२३ च्या जानेवारीत मी तिच्याकडे गेले आणि आषाढात परत आले. ज्या राज्यात हे शहर आहे त्या मिनेसोटाच्या मोटारींच्या पाट्यांवरसुद्धा 'दहा हजार सरोवरे' अशी बिरुदावली मिरवते. पण जानेवारीत पाहावे तर यांपैकी एकही सरोवर दिसत नाही. सगळीकडे पांढरे मैदान. त्या मैदानावर लोक खुशाल चालतात, मासे धरायला भोके पाडून बसतात. पाणी कुठे आहे म्हणून विचारले तर पायाखाली बोट दाखवतात.

पहिल्याच सकाळी जावई दाराबाहेर काहीतरी उधळताना दिसले. आपण कोंबड्यांना दाणे टाकतो तसे पसापसा भरून पायऱ्यांवर, फरशीवर, थेट रस्त्यापर्यंत.

"अहो, हे काय टाकताय?" मी विचारले.

"मीठ, आई. खडे मीठ. नाहीतर पाय घसरेल तुमचा."

गॅरेजमध्ये चाळीस पौंडांची तीन पोती उभी होती. माझी आजी सांगायची की सांडलेले मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावे लागते. लहानपणी त्या भीतीने आम्ही मिठाचा सट दोन्ही हातांनी धरत असू. आणि इथे माझे जावई दिवसाउजेडी, हसतमुखाने, पोतेभर मीठ पायाखाली सांडत होते! आजीच्या हिशेबाने या शहराला पापण्या तरी किती पुरणार?

पण हे उधळणे काही माज म्हणून नव्हते, हे मला लवकरच कळले. हाताने फिरवायच्या पॉटमधले आइस्क्रीम ज्यांच्या घरी झाले आहे, त्यांना ही गंमत ठाऊक असेल. बाहेरच्या लाकडी बादलीत बर्फ भरायचे आणि त्यावर मूठमूठ खडे मीठ टाकायचे. साधे पाणी शून्य अंशाला गोठते, पण खारे पाणी त्याहून बरेच खाली गेल्याशिवाय गोठत नाही. म्हणून मीठ पडताच बर्फ वितळू लागते. पॉटमध्ये आपल्याला त्या पाण्याचा गारवा हवा असतो, रस्त्यावर त्यांना बर्फ वितळायला हवे असते. युक्ती एकच.

त्या युक्तीचे मोल मला एका रात्री कळले. फेब्रुवारीत पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. रस्त्यावर काचेसारखा पातळ थर बसला. त्याला तिकडे 'काळे बर्फ' म्हणतात, कारण ते दिसतच नाही. शेजारच्या वृद्ध बाई आदल्याच आठवड्यात अशाच थरावर पडून खुब्याचे हाड मोडून घेऊन बसल्या होत्या. माझ्या मुलीची रात्रपाळी होती आणि पहाटे तिला तासाभराचा रस्ता मोटार हाकत यायचे होते. मी खिडकीशी बसून राहिले. साडेचारच्या सुमारास एक भलामोठा नारिंगी ट्रक दिवे लुकलुकवीत आला. त्याच्या पाठीमागच्या फिरत्या चकतीतून मिठाचे खडे रस्त्यावर तडतडत उडत होते. तो आवाज ऐकून मला जे बरे वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. आपण मुलांची दृष्ट काढताना मीठमोहऱ्या ओवाळतो ना, तसे कोणीतरी माझ्या लेकीच्या वाटेवरून मीठ ओवाळून गेले असे वाटले. सहा वाजता ती सुखरूप दारात आली.

तेव्हा या मिठाची निंदा करण्यापूर्वी, मी त्याचे खाल्ले आहे, हे सांगितले पाहिजे.

पूर्वी तिकडे ही रीत नव्हती. घोड्यांच्या घसरगाड्यांच्या काळात बर्फ काढण्याऐवजी ते मोठमोठ्या रुळांनी दाबून गुळगुळीत करीत. मोटारी आल्या आणि तेच बर्फ वैरी झाले. न्यू हॅम्पशायर या राज्याने १९३८ साली रस्त्यांवर मीठ टाकून पाहिले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेत मिळून रस्त्यांवर सुमारे पाच हजार टन मीठ पडले. युद्ध संपले, मोटारी घरोघर झाल्या, आणि बर्फ थांबताच रस्ता काळा कुळकुळीत दिसलाच पाहिजे असा लोकांचा आग्रह सुरू झाला. आज त्या एका देशात वर्षाला सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर टाकले जाते. पाच हजारांचे दोन कोटी! एवढे मीठ येते कुठून? जमिनीखालून. डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे. कॅनडात गोडरिच येथे ह्यूरन सरोवराच्या तळाखाली, सुमारे १८०० फूट खोल, जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. चाळीस कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे ते मीठ. वर गोड्या पाण्याचे सरोवर, खाली मिठाचे थर, आणि मध्ये खडक. निसर्गाने दोघांना एवढे दूर ठेवले होते. माणसाने खालचे उपसले आणि वरच्याच्या काठावर पसरले.

हे मीठ जाते कुठे, हा प्रश्न तिकडे फारसा कोणी विचारत नाही. बर्फ गेले, मीठही गेले, असेच दिसते. मला मात्र तो प्रश्न पडला, कारण मी खारेपाटातली. अलिबाग-पेणकडची खाडीकाठची भातशेती ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक असेल की तिथले शेत समुद्राशी भांडून मिळवलेले असते. मातीचा बांध घालायचा, त्याला उघाडी ठेवायची. पावसाचे पाणी बाहेर जावे, भरतीचे आत येऊ नये. मी चौथीत असताना एका उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली. रातोरात खाडी शेतात शिरली. दुसऱ्या दिवशी ओहोटीबरोबर पाणी गेलेसुद्धा. मी म्हटले, "आबा, पाणी गेलं की!" आबा खाली बसले, त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "पाणी गेलं पोरी. मीठ बसलंय."

ते मीठ उठायला तीन पावसाळे लागले. तीन वर्षे भात विकत घेऊन खाल्ला. आमच्याकडे वर्षाला ऐंशी इंच पाऊस कोसळतो, तरी तीन वर्षे! मिनियापोलिसला पाऊस आणि बर्फ मिळून पडते तीस-बत्तीस इंच. आणि तिथे खांड दर हिवाळ्याला पडते, तीही माणसे आपल्या हाताने पाडतात.

आबांनी जिभेवर जे ओळखले, ते तिथल्या विद्वानांनी मोजून ठरवले आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ च्या सुमारास हिशेब केला. मिनियापोलिस आणि जोडशहर सेंट पॉल यांच्या परिसरात वर्षाला सुमारे साडेतीन लाख टन मीठ पडत होते. त्यातले सुमारे सत्तर टक्के मिसिसिपी नदीबरोबर वाहून जात नाही. ते तिथेच, माती, भूजल आणि सरोवरे यांत मुरून राहते. याचे कारण सोपे आहे. मिठाचे दोन भाग, सोडियम आणि क्लोराइड. क्लोराइड मातीला चिकटत नाही, कुजत नाही, त्याला कोणी जंतू खात नाही. ते पाण्याबरोबर झिरपत विहिरींत आणि ओढ्यांत उतरते. सोडियम मातीला धरून बसते आणि तिच्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम हुसकून लावते. मग माती घट्ट होते, पाणी पीत नाही. रस्त्याकाठच्या पाइन वृक्षांची रस्त्याकडची बाजू भाजल्यासारखी तांबूस झालेली असते. मला आधी वाटले, वणवा लागून गेला. तो वणवा मिठाचा होता.

सरोवराच्या पोटात काय होते ते समजायला न ढवळलेले कोकमाचे सरबत डोळ्यांपुढे आणावे. वर पाणी, तळाशी जड पाक. थंड देशांतले सरोवर निसर्ग वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, आपल्या हाताने ढवळतो. वरचे पाणी खाली जाते, खालचे वर येते, आणि तळातल्या जिवांना त्या निमित्ताने श्वास मिळतो. खारे पाणी जड असते, ते तळाशी जाऊन बसते आणि हे ढवळणे अडवते. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर शहराजवळ आयरॉन्डेक्वॉइट नावाचा उपसागर आहे. रस्त्यांवरच्या मिठामुळे १९७० च्या वसंतात तिथले पाणी तळापर्यंत ढवळलेच गेले नाही, असे १९७१ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणजे ही गोष्ट कळून अर्धशतक उलटले. २०१७ साली उत्तर अमेरिकेतल्या ३७१ सरोवरांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. त्यातल्या ईशान्य आणि मध्यपश्चिम भागातल्या २८४ सरोवरांपैकी ४४ टक्के सरोवरांत मीठ वर्षानुवर्षे चढतेच आहे असे आढळले. ईशान्येकडच्या काही शहरी ओढ्यांत तर भर हिवाळ्यात क्लोराइड समुद्राच्या पाव हिश्श्याइतके सापडले होते.

कोणी म्हणेल, माणसाला ते पाणी खारट लागत नाही, मग बिघडले कुठे? माणसाला लागत नाही हेच तर बिघडले आहे. सरोवरात डॅफ्निया नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव असतात. ते शेवाळ खातात आणि लहान मासे त्यांना खातात. अमेरिकेत १९८८ साली गोड्या पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम अशी घातली गेली. कॅनडाने ती १२० ठेवली. २०२२ साली चार देशांत मिळून केलेल्या प्रयोगांत असे दिसले की बहुतेक ठिकाणी या मर्यादा ओलांडण्यापूर्वीच असले बारीक जीव निम्म्याने मरतात. ते गेले की शेवाळ माजते, पाणी हिरवट होते, माशांचे पिल्लू उपाशी राहते. दुधात मिठाचा खडा म्हणतात तो हाच. दूध नासल्यावर खडा हुडकून काढता येत नाही. एवढ्या मोठ्या पाण्यातून मीठ वेगळे काढायचे तर समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे लागतील. एका चहाच्या चमच्याएवढे मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे एकोणीस लिटर पाणी कायमचे बिघडवते, असे मिनेसोटाचे प्रदूषणखाते लोकांना सांगत असते. घागरीला एक चमचा! आणि दारात तीन पोती!

मग लोक एवढे मीठ का टाकतात? मी हा प्रश्न जावयांना केला तेव्हा ते म्हणाले, "आई, कमी पडलं आणि कोणी पडलं, तर फिर्याद होते." दुकानांपुढची, इमारतींपुढची आवारे साफ करणारे कंत्राटदार याच धास्तीने ओतत सुटतात. खडे पायाखाली करकर वाजले म्हणजे गिऱ्हाइकालाही वाटते की काम चोख झाले. खरी गोष्ट अशी की साधे मीठ उणे नऊ अंशांच्या आसपास आले की थकते. मिनियापोलिसच्या जानेवारीत पारा उणे वीसला सहज जातो. त्या थंडीत टाकलेले मीठ बर्फाला काही करत नाही. ते नुसते पडून राहते आणि वसंतात सरोवराच्या वाट्याला येते.

इथेच स्वयंपाकघरातला न्याय रस्त्यावर मोडतो. रस्त्याला जीभ नसते. भाजी खारट झाली की करणारीला तिथल्या तिथे कळते. रस्ता खारट झाला तर टाकणाऱ्याला कधीच कळत नाही. त्याचा घास दुसऱ्याच्या तोंडी जातो, तोही वीस वर्षांनी, आणि तो दुसरा म्हणजे मासा असला तर त्याला तोंड वेडेवाकडे करूनही दाखवता येत नाही. सांगायला येतात ते फक्त मोठे प्राणी. कॅनडातल्या जास्पर राष्ट्रीय उद्यानात २०२० साली रस्त्यावर पाट्या लावाव्या लागल्या: मूस हरणांना आपली मोटार चाटू देऊ नका! मोटारींवर चढलेल्या मिठाला ती भुलतात आणि रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडतात. वाचून सगळे हसले. मीही हसले. पण घरात आलेल्या पाहुण्याने भांडी चाटावी अशी पाळी आपण त्यांच्यावर आणली आहे.

माझी नात अकरा वर्षांची. तिच्या शाळेतल्या मुलांना मार्चमध्ये क्लोराइड मोजायच्या पट्ट्या मिळाल्या होत्या. आयझॅक वॉल्टन लीग ही जुनी संस्था अशा पट्ट्या हौशी माणसांना फुकट पाठवते. तपकिरी पट्टी पाण्यात उभी धरायची. जेवढे मीठ, तेवढी पांढरी रेघ वर चढते. घरामागच्या ओढ्यावर मी तिच्याबरोबर गेले. बर्फ वितळत होते, पाणी खळाळत होते, वरवर पाहता एवढे निर्मळ पाणी मी पाहिले नव्हते. रेघ भराभर चढली आणि जवळजवळ माथ्याला टेकली. जूनमध्ये आम्ही पुन्हा गेलो. कित्येक आठवड्यांत एकही खडा रस्त्यावर पडला नव्हता, काठावर रानफुले होती, बदके पोहत होती. रेघ खाली आली होती, पण तळाशी मुळीच गेली नव्हती.

"आजी, उन्हाळ्यात कोण मीठ टाकतंय?" तिने विचारले.

"कोणी नाही गं," मी म्हटले. "मीठ बसलंय."

आबांचे शब्द साठ वर्षांनी माझ्या तोंडून सात समुद्रांपलीकडच्या ओढ्यावर निघाले.

या दुखण्यावर औषधे शोधली जात आहेत. मीठ कोरडे फेकण्याऐवजी त्याचे पाणी करून हिमवर्षावापूर्वीच शिंपडले तर कमी लागते. कोणी बीटचा रस मिसळतो. विस्कॉन्सिन राज्यात चीज होते फार, तर तिथल्या पोल्क काउंटीने चीजचे उरलेले खारे पाणी रस्त्यावर वापरले. आणि ज्या न्यू हॅम्पशायरने ही रीत सुरू केली, त्यानेच २०१३ साली कायदा केला की जो कंत्राटदार बेताने मीठ टाकायचे शिक्षण घेईल, त्याला बर्फावर घसरून पडणाऱ्यांच्या फिर्यादींपासून संरक्षण मिळेल. मला हा कायदा फार शहाणपणाचा वाटला. भीतीने हात सुटला होता. भीती काढली की हात आवरतो. मीठ अजिबात नको असे कोणीच म्हणत नाही. खिडकीशी बसलेल्या आया तिकडेही आहेत.

घरापुरते माप तर फारच सोपे आहे. आधी फावड्याने बर्फ ओढायचे, उरलेल्या थरापुरतेच मीठ टाकायचे. मोटारीच्या वीस फुटी वाटेला कॉफीचा एक मोठा मग भरून मीठ पुरे होते. फार थंडी असेल तर मीठ न टाकता वाळू टाकायची. आणि फरशी कोरडी झाल्यावर खडे उरलेच, तर झाडून पुन्हा डब्यात भरायचे. हे शेवटचे मी ऐकले तेव्हा माझ्या आजीची फार आठवण झाली. पापण्यांनी नाही तरी केरसुणीने वेचायची वेळ आलीच!

आता आपल्यापैकी पुष्कळांची मुले त्या बर्फाच्या मुलखात आहेत. दिवाळी सरली की तिकडे पहिले बर्फ पडते आणि फोनवर आपण विचारतो, "थंडी कशी आहे? जपून चालवताय ना?" त्यातच एकदा हेही विचारायला हरकत नाही की मीठ मापून टाकताय ना. ती हसतील. हसू द्यावीत. मिठाचे माप शिकवणे हे आईसासूचे जुनेच काम आहे.

आमच्या जावयांनी गॅरेजमध्ये पोत्याशेजारी कान तुटलेला एक मग ठेवला आहे. त्यावर नातीने आपल्या वाकड्यातिकड्या मराठी अक्षरांत एक शब्द रंगवला आहे: 'चवीपुरते'. त्यातला 'वी' ऱ्हस्व काढला आहे. मी तो सुधारला नाही.